रस्ता उंच केला की पूर कुठे जातो?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पावसाळ्याच्या तोंडावर नाशिक शहर, निफाड, सिन्नर आणि दिंडोरी तालुक्यांतून आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. नदी, पूल आणि रस्त्यांच्या कामांत मुरलेल्या अभियंत्यांच्या गटाने त्यांची उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : चांदोरी परिसरात आमची द्राक्षबाग आहे. गोदावरीला मोठा पूर आला की गावाजवळचा रस्ता पाण्याखाली जातो आणि वाहतूक थांबते. रस्ता दीड मीटर उंच करावा, अशी गावकऱ्यांची मागणी आहे. त्यामुळे बागही वाचेल का? — एक बागायतदार, ता. निफाड

बाग रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे, ते आधी बघा. पुराचे पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला बाग असेल, तर उंच झालेला रस्ता तिचे नुकसान वाढवू शकतो.

आज रस्ता सखल आहे, म्हणून पुराचे पाणी त्याच्यावरून पलीकडे जाते. वाहतूक थांबते, पण पाणी थांबत नाही. भराव टाकून रस्ता उंच केला की रस्त्यावरून जाणारे सगळे पाणी मोऱ्यांतून काढावे लागते. समजा, पुराच्या वेळी शिवारातून सेकंदाला १०० घनमीटर पाणी रस्ता ओलांडते. मोऱ्यांतून ते सेकंदाला २ मीटर वेगाने जावे असे ठरवले, तर ५० चौरस मीटर मोकळी जागा लागेल. म्हणजे अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा १० पेट्या, म्हणजे काँक्रीटच्या चौकोनी मोऱ्या, झाल्या. खर्च वाचवायला त्यांतल्या सातच बांधल्या, तर तेवढेच पाणी जवळजवळ ३ मीटर वेगाने ढकलावे लागते. हा वेग पाण्याला वरच्या बाजूला साठून, उंची मिळवूनच येतो. २ मीटर वेगासाठी साधारण ३० सेंटिमीटर फुगवटा पुरतो, ३ मीटरसाठी तो ७० सेंटिमीटरच्या आसपास जातो. जमिनीचा उतार हजारास एक असेल, तर ७० सेंटिमीटरचा फुगवटा ७०० मीटर मागेपर्यंत पोचतो. तीन पेट्या कमी केल्याची किंमत अशी वरच्या बाजूच्या शेतांना मोजावी लागते.

निफाड तालुक्यात यात आणखी एक गुंता आहे. खाली नांदूरमधमेश्वरचा बंधारा आहे. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्यामुळे त्यात शंभर वर्षांहून अधिक काळ गाळ साठत आला आहे. मोठ्या पुरात बंधाऱ्यामागचा फुगवटा वर सरकतो आणि रस्त्याच्या खालच्या बाजूलाही पाणी चढलेलेच असते. मोरीतून किती पाणी जाईल हे दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतल्या फरकावर ठरते. पलीकडे पाणी तुंबलेले असेल तर मोरी कागदावरच्या क्षमतेने वाहत नाही. म्हणून मोरीचे गणित करताना खालच्या बाजूची पूरपातळी कोणती धरली, हा प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारा. कोरड्या नाल्याची पातळी धरून केलेले गणित इथे कामाचे नाही.

उंचीचेही नीट समजून घ्या. भारतीय रस्ते काँग्रेसच्या संकेतांनुसार रस्त्याच्या सबग्रेडचा, म्हणजे दाबलेल्या मुरमाच्या थराचा, तळ महत्तम पूरपातळीपेक्षा किमान ६० सेंटिमीटर वर असायला हवा. त्यावर सबग्रेडचा सुमारे अर्धा मीटर आणि खडी-डांबराचा साधारण तेवढाच थर येतो. म्हणजे रस्त्याचा माथा पूरपातळीच्या दीड मीटरहून अधिक वर जातो. तुमच्या मागणीतला दीड मीटर आजच्या रस्त्यापासून मोजलेला आहे. पुरात रस्त्यावर मीटरभर पाणी चढत असेल, तर दीड मीटर उंच केलेला रस्ता बुडणार नाही, पण त्याचा पाया भिजलेलाच राहील. भिजलेल्या पायावरून उसाचे ट्रक आणि कंटेनर गेले की डांबर महिन्याभरात उखडते.

आमचे मत स्पष्ट आहे. अशा पूरमैदानात सरसकट भराव टाकू नये. गावाजवळचा आणि मुख्य प्रवाहाजवळचा भाग खांबांवर घ्यावा. मधे जिथे जुने ओहोळ आहेत, तिथे दोनेकशे मीटरचा पट्टा जाणूनबुजून सखल आणि काँक्रीटचा ठेवावा, म्हणजे अगदी मोठ्या पुरात पाणी तिथून रस्त्याला इजा न करता जाईल. काही तास वाहतूक थांबेल, पण रस्ता जागेवर राहील. ओहोळ कुठे होते हे जुन्या गावनकाशात सापडते आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असते. सर्वेक्षणाला येणाऱ्यांना त्या जागा प्रत्यक्ष चालत दाखवा. आता सपाट करून बाग लावलेली असली, तरी पुरात पाणी आपली जुनी वाट धरतेच.

प्रश्न : आमच्या गावच्या नाल्यावरची मोरी भक्कम आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंचा ॲप्रोच, म्हणजे जोडरस्त्याचा भराव, दर दोन-तीन पावसाळ्यांनी वाहून जातो. दर वेळी मुरूम टाकून, वर सिमेंटची पोती रचून रस्ता सुरू करतात. कायमचा उपाय काय? — ग्रामपंचायत सदस्य, ता. दिंडोरी

काँक्रीट टिकते आणि भराव जातो, याची कारणे बहुधा तीन असतात आणि ती एकमेकांना मदत करतात.

पहिले कारण रस्त्यावरून पाणी जाण्याचे. मोरी अपुरी पडली की पाणी ॲप्रोचवरून वाहते आणि खालच्या बाजूच्या साइडपट्टीवरून धबधब्यासारखे पडते. पडते तिथे खड्डा होतो, खड्डा मागे सरकत रस्त्याखाली शिरतो आणि डांबराचा पापुद्रा अधांतरी लोंबतो. वरच्या बाजूने पाहणाऱ्याला रस्ता शाबूत दिसतो. अपघात होतात ते याच वेळी.

दुसरे कारण मोरीच्या भिंतीमागे. तिथे मोठा रोलर पोचत नाही, म्हणून भराव नुसता लोटून दिलेला असतो. तो बसतो, फट पडते आणि पुराचे पाणी त्या फटीतून वाट काढते. भिंतीला पाणी झिरपायची भोके नसतील किंवा मातीने बुजली असतील, तर पूर ओसरताना मागे अडकलेले पाणी भिंतीला ढकलते. तिसरे कारण तळाचे. मोरीतून वेगाने बाहेर पडणारे पाणी खालच्या बाजूचा तळ खरवडते आणि बाजूच्या भिंतींचा पाया उघडा पडतो.

काम तळापासून वर करत या. मोरीच्या फरशीला वरच्या अंगाला २ मीटर आणि खालच्या अंगाला अडीच मीटर खोल कटऑफ भिंत, म्हणजे पाण्याला फरशीखाली शिरू न देणारी जमिनीतली भिंत, लागते. आपल्याकडे बेसाल्टचा कातळ वर लागतो, हे भाग्यच आहे. पक्का कातळ आधीच लागला, तर भिंत त्यात खाच घेऊन बसवा, आणखी खोल जायची गरज नाही. पण मांजऱ्या मुरमाला किंवा सुट्या धोंड्यांना कातळ समजू नका. पहारीने खणून निघतो तो कातळ नव्हे. कटऑफच्या पुढे सुट्या दगडांचा एप्रन हवा : जाडी एक मीटर, लांबी वरच्या बाजूला ३ मीटर, खालच्या बाजूला ६ मीटर. दगड सुटेच ठेवायचे, सिमेंटने जोडायचे नाहीत. तळ खचला की हे दगड घरंगळून खड्ड्यात बसतात आणि पुढची झीज थांबवतात. जोडलेला एप्रन खालून पोकळ होतो आणि एके दिवशी अख्खा मोडतो.

एप्रनमधला कोणताही दगड ४० किलोपेक्षा हलका नको. वेग जास्त असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. ३ मीटर वेगाला सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे ७५ किलोच्या आसपासचा दगड लागतो. साडेतीन मीटर वेगाला तोच ५१ सेंटिमीटर आणि १८५ किलोचा. वेग अर्ध्या मीटरने वाढला तर वजन अडीचपट. ‘मागच्या पुरात दगड वाहून गेले’ असे गावोगावी ऐकू येते, त्याचे कारण बहुतेक ठिकाणी हेच असते. वेग मोजणे अवघड नाही. काठावर २० मीटरवर दोन खुणा करा, लाकडाचा तुकडा टाका, सेकंद मोजा. १० सेकंद लागले तर पृष्ठभागावरचा वेग २ मीटर. त्याला ०.८५ने गुणले की सरासरी वेग मिळतो.

भरावासाठी काळी माती वापरू नका. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि पुढच्या पावसाला भेगांतून पाणी आत घेते. चांगला मुरूम २० सेंटिमीटरच्या थरांत टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर वेगळा दाबायचा. भिंतीलगत लहान प्लेट कॉम्पॅक्टर चालवायचा. भिंतीच्या पाठीला लागून ६० सेंटिमीटर जाडीचा दगड-खडीचा गाळणथर ठेवा आणि भिंतीत १० सेंटिमीटर व्यासाची भोके मीटर-मीटर अंतरावर, बाहेर उतार देऊन सोडा.

भरावाच्या बाजू दोनास एक उताराच्या करून त्यांवर ३० सेंटिमीटर जाडीचे दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, त्याखाली १५ सेंटिमीटर वाळू-खडीचा गाळणथर किंवा जाड न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड. हा थर खर्च वाचवायला सर्वांत आधी गाळला जातो, आणि पिचिंग खचते ते त्यामुळेच : पाणी दगडांच्या सांध्यांतून आतबाहेर करताना मुरूम चोरून नेते, वरचे दगड हळूहळू खाली जातात. पिचिंगच्या पायथ्याशी टो वॉल, म्हणजे आधाराची बुटकी भिंत, नसेल, तर खालचा एक दगड निसटला की सगळी ओळ सुटते.

गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीतले दगड, हा चांगला पर्याय आहे, कारण तो तळाबरोबर वाकतो. पण जाळीच्या भोकापेक्षा मोठा, १५ ते २५ सेंटिमीटरचा टणक दगड हाताने रचून भरायला हवा. खडी ओतून भरलेली जाळी पहिल्याच पुरात रिकामी होते.

सिमेंटच्या पोत्यांचे म्हणाल, तर दोन दिवस रस्ता सुरू ठेवायला ती ठीक आहेत. पावसाळा संपल्यावर ती काढून खालची पोकळी तपासली पाहिजे. पोती कडक होतात, त्यांच्याखालचा भराव निघून जातो आणि वरून काहीच दिसत नाही. शेवटचे म्हणजे, ज्या भागावरून पाणी जाणारच आहे, तिथल्या दोन्ही साइडपट्ट्या काँक्रीटच्या करून त्यांच्या कडेला मीटरभर खोल काँक्रीटची पडदी उतरवा. गावाच्या निधीत एकच काम बसत असेल, तर खालच्या बाजूची कटऑफ भिंत आणि एप्रन आधी करा.

प्रश्न : सायखेड्याच्या बाजूला पुरात पाणवेली पुलाला अडकतात आणि पाणी गावात चढते. पुरात त्या काढायला यंत्रणा लवकर का येत नाही? — गोदाकाठचा एक रहिवासी

पाणवेली पुरात काढायची गोष्टच नाही. ती मे महिन्यात काढायची. पूर चढलेला असताना पुलावर पोकलेन उभे करणे धोक्याचे असते, कारण अडकलेल्या वेलींनी खांबांवरचा दाब आधीच वाढवलेला असतो. खांबाला वेलींचे कडे पडले की पाण्याच्या दृष्टीने खांब तेवढा जाड होतो, दोन खांबांमधला गाळा अरुंद होतो आणि खांबाच्या बुडाशी खड्डा खोल जातो. आराखड्यात खांबाजवळची झीज सरासरी झिजेच्या दुप्पट धरतात, पण ती मोकळ्या खांबासाठी.

मे महिन्यात काढताना दोन चुका सर्रास होतात. वेली पुलाखालून पुढे ढकलून देणे ही पहिली. त्याने पुढच्या गावाचा पूल अडतो. काढलेला ढीग काठावरच, पूररेषेच्या आत टाकणे ही दुसरी. पहिल्याच मोठ्या पाण्याने तो परत नदीत येतो. ढीग पूररेषेबाहेर नेऊन सुकवा, त्याचे खत होते. शहराचे सांडपाणी पूर्ण शुद्ध होऊन नदीत येत नाही तोवर वेली पुन्हा वाढणारच. त्यामुळे ही सफाई दर वर्षी करावी लागेल, एकदाच्या मोहिमेने भागणार नाही.

प्रश्न : धरणातून ‘१० हजार क्युसेक विसर्ग’ असे मोबाइलवर येते. त्यावरून आमच्या फरशी पुलावर पाणी किती येईल, हे कसे कळणार? दूध नाशिकला पोचवायला पहाटे निघावे लागते. — दूध वाहतूकदार, ता. सिन्नर

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. १० हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला १० हजार लिटरचे २८ टँकर तुमच्या समोरून जाणे. पण आकड्यावरून पातळी परस्पर कळत नाही. तेच पाणी रुंद पात्रात पसरते, अरुंद पात्रात चढते. शिवाय धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचे पाणी त्या आकड्यात नसते. नाशिक शहरात होळकर पुलाजवळचा विसर्ग वेगळा सांगतात, तो यासाठीच. दारणा दारणासांगवीला गोदावरीला मिळते, म्हणून तिथून खालच्या गावांनी गंगापूर आणि दारणा या दोन्ही धरणांचे आकडे बघायला हवेत.

तुमच्या पुलासाठी तक्ता तुम्हालाच करावा लागेल, आणि तो करणे सोपे आहे. पुलाच्या पंखभिंतीवर दर १० सेंटिमीटरला रंगाची पट्टी ओढा, फरशीची पातळी शून्य धरा. प्रत्येक पुरात वहीत चार गोष्टी लिहा : विसर्ग किती, तो कधी सोडला, तुमच्याकडे पाणी कधी चढले, किती चढले. चार-पाच पुरांत तुमच्या गावापुरता अंदाज बसतो. विसर्ग कमी केल्याचा निरोप आला म्हणून लगेच निघू नका. आधी सोडलेले पाणी अजून वाटेत असते.

फरशीवरून वाहणारे पाणी घोट्याच्या वर, म्हणजे १५ सेंटिमीटर असले की माणसाचा पाय घसरू शकतो. ३० सेंटिमीटरला लहान गाडी सरकू शकते, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या नेऊ शकते. कारण सरळ आहे : गाडीच्या तळाचे क्षेत्र ६ चौरस मीटर असेल, तर तळाच्या वर चढलेले प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी तिचे ६०० किलो वजन उचलून धरते. चाकांची पकड तेवढी सुटते. भरलेला टेम्पो पार झाला, म्हणून परत येताना रिकामा टेम्पोही होईल असे समजू नका. रिकामा आधी उचलला जातो. कठड्याचे खांब दिसत नसतील, तर पाणी कितीही शांत दिसो, थांबा.

पूर ओसरल्यावरचा पहिला तास सर्वांत फसवा. भराव पाण्याने जड झालेला असतो आणि बाहेरच्या पाण्याचा आधार अचानक गेलेला असतो, त्यामुळे बाजू ढासळते. आधी एकाने पायी, लोखंडी पहारीने ठोकत जावे. पोकळ आवाज, काँक्रीट आणि डांबराच्या सांध्यावर बोटभर फट, रस्त्याच्या कडेला लांबट भेग किंवा खालच्या बाजूने अजून गढूळ पाणी पाझरताना दिसणे, यांतले काहीही आढळले तर वाहन नेऊ नका. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

प्रश्न : पंचवटीत नदीपासून थोड्या अंतरावर रो-हाउस बघतो आहोत. ‘निळ्या रेषेच्या बाहेर आहे, चिंता नको’ असे विकणारा सांगतो. निळी आणि लाल रेषा म्हणजे नेमके काय? — नाशिक

निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषांच्या मधे ते अटींवर होते. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आज पूर आला की पुढची २४ वर्षे मोकळी, असा नाही. दर वर्षी ती शक्यता ४ टक्के असते. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता ७० टक्के होते. लाल रेषेवरच्या घरालाही तीस वर्षांत २६ टक्के. ही हलक्यात घेण्यासारखी गोष्ट नाही.

तोंडी आश्वासन घेऊ नका. महापालिकेच्या नगररचना विभागातून सर्व्हे नंबरनुसार पूररेषेसह भाग नकाशा घ्या. त्यावर त्या जागची पूरपातळी मीटरमध्ये असते. ती घराच्या जोत्याच्या पातळीशी ताडून पाहायला सर्वेक्षकाला अर्धा दिवस पुरतो. शेजारच्या जुन्या वाड्यांत २००८, २०१६ आणि २०१९च्या पुरांच्या खुणा विचारा. १९६९च्या पुराची खूण सापडली तर ती सर्वांत मोलाची. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी आले यावर नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पूर मोजत आले आहेत. त्या वेळी तुमच्या गल्लीत पाणी कुठे होते, हे सांगणारा माणूस शोधा.

रेषेबाहेरच्या घरातही पाणी शिरते, ते गटारातून. नदी चढली की पावसाळी गटाराचे तोंड बुडते आणि पाणी उलटे फिरून सखल गल्लीत उमळते. जोते गल्लीतल्या चेंबरच्या झाकणापेक्षा निदान अर्धा मीटर उंच असावे आणि घराच्या सांडपाण्याच्या शेवटच्या चेंबरवर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवून घ्यावी. ती दर मे महिन्यात साफ करा. झडपेत एक चिंधी अडकली तरी ती मिटत नाही.

प्रश्न : नासर्डीकाठच्या आमच्या वस्तीभोवती संरक्षक भिंत बांधून मिळावी म्हणून निवेदन देत आहोत. त्यात काय लिहावे? — रहिवासी, नाशिक

नासर्डीचा, म्हणजे नंदिनीचा पूर मुख्यतः शहरात पडलेल्या पावसाचा असतो आणि तो तासाभरात चढतो. धरणाच्या विसर्गाचे निरोप त्यासाठी पुरेसे नाहीत. गोदावरीही चढलेली असेल, तर टाकळीच्या संगमापासून मागे फुगवटा येतो.

भिंत मागा, पण भिंतीच्या आतल्या पाण्याचे काय, हे आधी मागा. वस्तीचे क्षेत्र ५ हेक्टर आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस धरला, त्यातले ६० टक्के वाहून आले, तरी १५०० घनमीटर पाणी जमते. सेकंदाला ४१७ लिटर. पाच मीटर उंचीवर टाकायला १० अश्वशक्तीचा पंप सेकंदाला ९० लिटरच्या आसपास देतो. म्हणजे असे पाच पंप, एखादा जादा, आणि पुरात वीज बंद करतात म्हणून डिझेल जनित्र. निवेदनात हे आकडे लिहा. सोबत भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक गटाराला नदीच्या बाजूने फ्लॅप झडप आणि आतून हाताने बंद करता येईल असे गेट मागा. ज्या भिंतीला झडपाच नाहीत, ती वस्तीला हौद करून टाकते.

भिंत पात्रापासून मागे घ्यावी, असाही आग्रह धरा. काठाला चिकटून बांधली तर पात्र अरुंद होते आणि समोरच्या काठावर पाणी चढते. तिथेही माणसेच राहतात.

मातीचा बांध असेल तर घुशी आणि खेकड्यांची बिळे दर वर्षी पावसाळ्याआधी खणून, ओल्या मातीने थर दाबत बुजवा. पुराच्या वेळी बांधाच्या आतल्या पायथ्याला पाणी उमळताना दिसले, तर रंग बघा. स्वच्छ असेल तर पाळत ठेवा. गढूळ असेल तर बांधाची माती वाहून येते आहे. अशा वेळी उमाळ्यावर पोती टाकून तो दाबू नका, पाणी शेजारून फुटते. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचे गोल कडे रचा आणि आत पाणी चढू द्या. आतल्या पाण्याची उंची वाढली की माती येणे थांबते. पाणी निवळ आले की तेवढ्या उंचीवर कडे राहू द्या आणि जादा पाणी नळीने बाहेर काढा.

प्रश्न : गंगापूर धरण पावसाळ्यात अर्धे रिकामे ठेवले तर नाशिकला पूरच येणार नाही, हे खरे का? — एक वाचक, नाशिकरोड

धरणाची साठवण साधारण साडेपाच टीएमसी, म्हणजे साडेपाच अब्ज घनफूट आहे. एक टीएमसी रिकामी जागा २४ तास सुमारे साडेअकरा हजार क्युसेक पाणी पोटात घेते, किंवा सहा तास ४६ हजार. म्हणजे थोड्या वेळाचा तीव्र पूर ती नक्की बोथट करते. पण त्र्यंबकच्या डोंगरात तीन-चार दिवस झड लागली, तर ती जागा पहिल्याच दिवशी भरते आणि खरा लोंढा येतो तेव्हा धरण भरलेलेच असते. शहराचे पिण्याचे पाणीही याच धरणातून जाते. म्हणून जुलैत जास्त जागा ठेवायची आणि सप्टेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने भरत न्यायचे, असे वेळापत्रक पाळतात. ठरलेल्या पातळीच्या वर साठा जाऊ लागला, की पुढच्या पावसाची वाट न पाहता लवकर आणि थोडे थोडे पाणी सोडणे हाच खरा उपाय. विसर्ग दिवसाउजेडी सुरू झाला, तर काठावरच्या माणसांना जनावरे आणि मोटारी हलवायला वेळ मिळतो. धरणाच्या खाली शहरात पडणाऱ्या पावसावर मात्र धरणाचा काहीच इलाज नाही.

प्रश्न : पुराचे पाणी विहिरीत गेले. कधी पिता येईल? — ता. निफाड

पूर ओसरल्यावर एकदा उपसा करा, पण बाजूची जमीन अजून चिंब असेल तर तळापर्यंत नाही, नाहीतर काठ ढासळेल. मग व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळे मीटरमध्ये. इतके घनमीटर पाणी. ६ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी असेल तर सुमारे १४० घनमीटर. नेहमीच्या वेळी दर घनमीटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे ३५० ग्रॅम. पुरानंतर किमान दुप्पट. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि बादली वरखाली करून ढवळा. तासाभराने ऑर्थोटोलिडिन तपासणीत लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे. न दिसल्यास मात्रा पुन्हा द्या. शेजारी शौचालयाचा खड्डा बुडाला असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पाणी उकळूनच प्या. आणि मोटार सुरू करण्याआधी स्टार्टर उघडून, वाळवून, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.